न हललेला आकडा

वेंग शुई-मू खुर्चीत बसलेही नाहीत. उभ्यानंच त्यांनी खिशातून दोन फोटो काढून टेबलावर ठेवले.

दोन्ही फोटो एकाच स्कूटरच्या मीटरचे होते. एक दीड वर्षापूर्वीचा, दुसरा परवाचा. दोन्हींत आकडा तोच. २३,४१७.

"आकडा हललेला नाही," ते म्हणाले, "आणि तरी कुणीतरी गाडी चालवून चालवून तिची वाट लावली आहे. कुणी, ते मला लेखी पाहिजे."

कंग श्यू-च्यू बाईंनी चष्मा लावून फोटो पाहिले. च्यायी शहरात, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, त्या बावीस वर्षं खाजगी तपासाची कचेरी चालवत होत्या. नवरे कुठं जातात आणि बायका कुणाला भेटतात, हेच त्यांचं रोजचं काम. स्कूटर कुणी चालवली, हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"बसा काका. गाडी कुणाची?"

"बायकोची. युए-ल्येनची." म्हातारे बसले. "दीड वर्ष झालं तिला जाऊन. शेवटची बाजारातून आली, गाडी तळ्याकाठच्या शेडमध्ये लावली, तेव्हा हा आकडा होता. मी म्हटलं, हा असाच राहू दे. तेव्हापासून कुणी बसलेलं नाही त्या गाडीवर. मीही नाही. रविवारी स्टँडवर पाच मिनिटं चालू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. रेस देत नाही. नुसता आवाज ऐकतो."

"मग बिघाड कळला कसा?"

"आता थडगी साफ करायचा सण आला. वाटलं, यंदा तिच्याच गाडीवरून तिच्याकडे जावं. तेवढ्यापुरता आकडा पुढं गेला तर तिला चालेल. बसलो, मूठ पिळली, तर गाडी ही अशी थरथरली. इंजिन बोंबलतंय आणि चाक जागेवर. लू मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, पट्टा झिजलाय, क्लच जळलाय. आणि हे दोन्ही त्यानंच नवीन बसवले होते, ती जायच्या एक महिना आधी."

"तुमचा संशय कुणावर?"

"सुनेवर. फुओंगवर." त्यांनी मान खाली घातली. "व्हिएतनामची आहे. मुलगा काओश्युंगला कारखान्यात, आठवड्यातून एकदा येतो. सप्टेंबरात मी अकरा दिवस हॉस्पिटलात होतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं म्हणून. तेव्हा घरात ती आणि चार वर्षांची नात. मी विचारलं, गाडीला हात लावलास का? नाही म्हणाली असती, तर मी विश्वास ठेवला असता, बाई. पण ती हो म्हणेना, नाही म्हणेना. जमिनीकडे बघत राहिली. मी बोलून गेलो, माझ्या घरात राहू नकोस. आता मुलगा रविवारी येऊन दोघींना घेऊन जाणार आहे."

"आज गुरुवार," कंग बाई म्हणाल्या.

"म्हणून तर धावत आलो. ती निर्दोष असेल तर तिला थांबवायचं आहे. दोषी असेल तर..." ते अडखळले. "तरी नात जाते ना हो."

कोपऱ्यात चहा ओतत असलेले लाय क्वो-तंग आता पुढं आले. लाय हे बाईंचे मदतनीस, निवृत्त पोस्टमन. एकतीस वर्षं त्यांनी स्कूटरवरून पत्रं वाटली होती, आणि स्कूटरबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं जगात काही नाही, अशी त्यांची खात्री होती.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मीटरची केबल काढायची, गाडी घेऊन हुंदडायचं, केबल परत लावायची. आमच्या पोस्टात एकजण करायचा."

वेंगकाका दारापर्यंत जाऊन वळले. "बाई, युए-ल्येनचं लक्ष आहे आमच्या घरावर. सप्टेंबरातल्या त्या वादळात वीज तीन दिवस गेली. पाण्यात हवा खेळवणारी यंत्रं बंद, जनरेटर पाण्याखाली. आमच्या आजूबाजूच्या सगळ्या तळ्यांतले दूधमासे गुदमरून वर आले, पांढरी पोटं करून. माझ्या तळ्यातला एक मासा मेला नाही. डोळ्याला पट्टी बांधलेली, तसाच घरी येऊन मी तिच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो. ती हे सगळं बघत असेल, म्हणून वाईट वाटतं."

लाय यांनी डोळे पुसले. कंग बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

*

लू मिस्त्रीचं गॅरेज बुदाईच्या बाजाराच्या टोकाला होतं. हिरवी स्कूटर मेन स्टँडवर उभी होती आणि तिच्या डाव्या बाजूचं झाकण उघडलेलं होतं.

"मिस्त्री, खरं सांगा," लाय यांनी आल्या आल्या सुरुवात केली, "नवीन म्हणून जुनाच पट्टा चढवला होतात ना?"

मिस्त्रीनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोस्टमनसाहेब, तुम्ही लोकांची पत्रं उघडून वाचायचात का?"

"छे!"

"मग मीही जुने पट्टे चढवत नाही." त्यानं काढलेला पट्टा पुढं केला. पाठीवर पांढऱ्या पेननं तारीख लिहिलेली होती. "प्रत्येक पट्ट्यावर मी बसवल्याची तारीख टाकतो. झाकणाच्या आत आकडा चिकटवतो. बघा, २३,१०५."

"म्हणजे पट्टा फक्त तीनशे बारा किलोमीटर चालला," कंग बाई म्हणाल्या.

"आणि एरवी पंधरा हजार चालतो. हा बघा. कडा झिजून अरुंद झाल्यात, काचेसारख्या गुळगुळीत. आणि क्लचची ही वाटी, निळी पडली आहे. लोखंड निळं पडतं म्हणजे किती तापलं असेल!"

"दर रविवारी चालू करतात त्यानं?" लाय यांनी विचारलं.

"रेस दिली नाही तर क्लच वाटीला टेकतच नाही. शंभर रविवार चालू करा, काही झिजणार नाही."

कंग बाई पुलीकडे बघत होत्या. तिच्या चकचकीत तोंडावर मधोमध काळ्या शाईची रेघ होती, अर्धीमुर्धी पुसलेली.

"ही माझीच," मिस्त्री म्हणाला. "नवीन पट्टा घातला की मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत रेघ ओढतो. गाडीचा वेग वाढतो तसा पट्टा पुलीवर वर चढतो. जिथवर चढेल तिथवर रेघ पुसतो. मग मला कळतं, गिऱ्हाईक किती जोरात चालवतं ते. युए-ल्येनवहिनी चाळिसाच्या वर कधी गेल्या नाहीत, म्हणून निम्मीच पुसली आहे. ते ठीक. पण हे बघा."

त्यानं नख पुलीच्या अगदी आतल्या, खालच्या भागावरून फिरवलं. तिथं एक बारीक पायरी पडली होती. नख अडकलं.

"सगळी झीज इथं. पट्टा तासन्‌तास याच जागी फिरलाय. म्हणजे गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगानं चालवली आणि जोर मात्र प्रचंड लावला. असं कोण चालवतं?"

"चढण!" लाय ओरडले. "माझ्या पत्त्यांत एक डोंगर होता..."

"इथं चढण कुठली? मिठागरं आणि तळी. सगळं तव्यासारखं सपाट."

कंग बाईंनी पुढच्या चाकापाशी बसून मीटरची केबल तपासली. नटावर लाल रंगाची एक रेघ होती. नटावरून निघून खालच्या लोखंडावर सरळ उतरलेली.

"हीसुद्धा तुमचीच?"

"हो. आवळलेल्या प्रत्येक नटावर ओढतो. नट जरा फिरला की रेघ तुटते."

"ही तुटलेली नाही."

"नाही. केबल कुणी काढलेलीच नाही."

"अहो, मग मीटरच बंद असेल!" लाय यांना पुन्हा उत्साह आला. त्यांनी स्टँडवरच्या गाडीचं मागचं चाक हातानं गरकन फिरवलं. "बघा! चाक फिरतंय आणि काटा शून्यावर!"

"मीटर ठणठणीत आहे," मिस्त्री हसला. "टेम्पोतून उतरवून गाडी आत ढकलली तेव्हा काटा हलत होता."

कंग बाईंनी दोन्ही टायरवरून हात फिरवला. पुढचा जवळजवळ नवा होता. मागच्याच्या मधोमध चार बोटं रुंदीचा सपाट पट्टा पडला होता.

"मागचाच आधी झिजतो," लाय म्हणाले. "सगळ्यांचाच."

"आणि मुठीच्या रबरावर ही खाच?"

"जुनं रबर. माझ्याही गाडीचं असंच होतं."

"दोरी करकचून बांधून ठेवल्यासारखी?"

"हं... तशी नव्हती."

बाईंनी मिस्त्रीला गाडीत नवा पट्टा आणि नवा क्लच घालून शनिवारी सकाळी टेम्पोतूनच वेंगकाकांच्या शेडमध्ये आणून ठेवायला सांगितलं.

*

युए-ल्येनचा धाकटा भाऊ त्साय मिंग-ताओ रस्त्याच्या कडेला कालवं फोडत बसला होता. त्याची गाडी शेजारीच उभी होती. तिचं धुराडं एवढं मोठं होतं, की लाय यांनी कौतुकानं दोनदा वाकून पाहिलं.

"ताईची गाडी? मी?" मिंग-ताओ हसला. "मी मूठ पिळतो ती शेवटपर्यंत. अर्ध्या रेसवर चालवायचं मला येतच नाही. ताई म्हणायची, तुझ्या मागं बसण्यापेक्षा मी चालत जाईन."

"वादळात कुठं होता?"

"इथंच. छप्पर उडालं होतं, ते शोधत होतो. अर्धं भावोजींच्या तळ्यात सापडलं." त्यानं एक कालव चाकूनं उघडून लाय यांच्या हातावर ठेवलं. "खा हो, ताजं आहे. आणि बाई, फुओंगला उगाच छळू नका. त्या तीन दिवसांत पोरगी गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत चार वेळा आली माझ्याकडे. होतं नव्हतं तेवढं पेट्रोल घेऊन गेली. स्टोव्हला लागतं म्हणाली."

"पेट्रोल? स्टोव्हला?"

"मला काय ठाऊक? त्यांच्याकडे पेटवत असतील."

"आपल्याकडेही कुणी पेटवत नाही," कंग बाई म्हणाल्या. "घर उडतं."

मिंग-ताओच्या हातातला चाकू थांबला. "आयला," तो म्हणाला. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

*

फुओंगनं दोघांना माशाच्या पोटाची गरम पेज वाढली. वरून आल्याचे बारीक काप टाकलेले. ओसरीवर दोन पेट्या बांधून तयार होत्या, आणि एका पेटीवर बसून छोटी आन-आन पाय हलवत होती.

"वहिनी, पेज एकदम झकास," लाय म्हणाले. "तिकडची का?"

"नाही. सासूबाईंनी शिकवली. भाषाही त्यांनीच शिकवली. बाजारात मला मागं बसवायच्या आणि मासळीवाल्यांशी माझ्याकडून भाव करवायच्या. चुकले की मोठ्यानं हसायच्या."

"माहेरी काय करतात?"

"कोळंबीची तळी आहेत वडिलांची. दक्षिणेला, का माउ प्रांतात." तिचा चेहरा जरा उजळला. "एकच मोटरसायकल होती घरात. चौघं भावंडं तिच्यावरून शाळेत जायचो. सगळी कामं तीच करायची. दर शनिवारी तिच्या साखळीला तेल घालायचं काम माझं."

"साखळीला," कंग बाई म्हणाल्या. "पट्ट्याची गाडी तिकडं कुणाकडे होती?"

"आमच्या गावात नव्हती. इथं येऊनच पाहिली."

"फुओंग, सासऱ्यांना तू उत्तर का देत नाहीस?"

ती उठली आणि रिकामे वाडगे गोळा करू लागली. "बाबा आता नीट जेवतात," ती एवढंच म्हणाली. "सासूबाई गेल्यावर कितीतरी महिने जेवत नव्हते."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"आहे, बाई," फुओंग म्हणाली आणि आत गेली.

दोघं तळ्याकाठच्या शेडकडे निघाले. स्कूटरची जागा रिकामी होती. जमिनीवर स्टँडच्या पायांनी पाडलेल्या खुणा होत्या, दोन जोड्या. एक भिंतीजवळ. दुसरी जेमतेम हातभर मागं, आणि खूप खोल. तिच्या मागं ताडपत्रीनं झाकलेलं काहीतरी होतं. लाय दमून त्यावर टेकले आणि लगेच उठले.

"अरे देवा! बायको मारणार मला!" त्यांच्या पँटवर ताडपत्रीच्या फटीतून लागलेला काळा पट्टा उमटला होता. "वंगण नाही हे. निघतच नाही. रबरासारखं चिकट आहे."

कंग बाई पहिल्यांदाच हसल्या. "लाय, तुमच्याइतका चांगला मदतनीस मला मिळणार नाही. पँट धुऊ नका."

*

शनिवारी सकाळी शेडमध्ये सगळे जमले. वेंगकाका, कडेवर आन-आन घेतलेली फुओंग, मिंग-ताओ, लू मिस्त्री. हिरवी स्कूटर आपल्या जागी उभी होती.

"लेखी आणलंत?" वेंगकाकांनी विचारलं.

"आधी तोंडी ऐका. मग लेखी लागतं का ते बघू." कंग बाई स्कूटरशेजारी उभ्या राहिल्या. "ही गाडी कुणीही कुठंही नेलेली नाही. केबलच्या नटावरची लाल रेघ शाबूत आहे, म्हणजे केबल काढलेली नाही. मीटर चालू आहे. आकडा खरा आहे. युए-ल्येनबाईंनंतर ही गाडी एक किलोमीटरही गेली नाही."

"मग पट्टा कसा झिजला?"

"मलाही तेच कोडं होतं. लाय यांनी सोडवलं."

"मी?" लाय दचकले.

"तुम्ही मागचं चाक फिरवलंत आणि काटा शून्यावर राहिला. कारण केबल पुढच्या चाकाला आहे. गाडी स्टँडवर असली, की मागचं चाक वर्षभर फिरलं तरी आकडा हलत नाही. म्हणजे इंजिनानं मागचं चाक जागच्या जागी फिरवलं. पण नुसतं मोकळं फिरून पट्टा झिजत नाही आणि वाटी निळी होत नाही. त्या चाकानं काहीतरी जड ओढलं. टायर मधोमध सपाट झाला, तो त्याला घासूनच. मुठीवरची खाच दोरीची. कुणी मूठ धरून बसलं नव्हतं, रेस बांधून ठेवली होती. तासन्‌तास. लाय, ताडपत्री काढा."

खाली पाण्याचा जुना पंप होता. इंजिन कधीच निकामी झालेलं, सगळा गंजून लाल. फक्त त्याचा लोखंडी ड्रम आरशासारखा चकचकीत होता, आणि कडेला काळं रबर चिकटलेलं.

"माझी पँट!" लाय म्हणाले.

"तुमची पँट. आता काका, सांगा. वीज नाही, जनरेटर बुडालेला. तळ्यातलं पाणी खेळतं ठेवायला माणूस काय करेल?"

वेंगकाका पंपाकडे बघत राहिले.

"मिंग-ताओ इथला. जन्मभर स्कूटर चालवलेला. त्यानं बांधली असती तर मूठ पूर्ण पिळून बांधली असती. मग पट्टा पुलीवर वर चढला असता आणि क्लचनं वाटी घट्ट धरली असती. पण इथं सगळी झीज तळाला आहे. रेस अगदी कमी होती. कमी रेसवर क्लच धरतही नाही, सोडतही नाही. अर्धवट घासत राहतो आणि जळतो. ही चूक इथला माणूस करणार नाही. साखळीच्या गाडीवर वाढलेला माणूस करेल. आणि पेट्रोल चार वेळा कुणी नेलं, हे मिंग-ताओनं सांगितलंच आहे."

सगळे फुओंगकडे वळले. तिनं आन-आनला खाली ठेवलं.

"आमच्याकडे मोटरसायकलच्या चाकानं पाणी ओढतात," ती हळू म्हणाली. "मी तसंच केलं. रेस कमी ठेवली, बाबा. सासूबाईंची गाडी आहे, तिला त्रास होऊ नये म्हणून. जपून चालवली, तीच जळली. मला ठाऊक नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?" वेंगकाकांचा आवाज फाटला. "मी घराबाहेर काढत होतो तुला! एक शब्द बोलायचास!"

"सांगणारच होते. तुम्ही हॉस्पिटलातून आलात त्या संध्याकाळीच. पण तुम्ही आत शिरल्या शिरल्या फोटोपुढं उभे राहिलात. म्हणालात, तू वाचवलेस गं मासे. आणि मग दोन वाडगे पेज जेवलात." तिनं डोळे पुसले. "मी सांगितलं असतं, तर तुमच्याकडे काय उरलं असतं?"

मिस्त्रीनं उगाचच पान्याला फडकं लावलं.

वेंगकाका स्कूटरजवळ गेले. त्यांनी सीटवर हात ठेवला.

"तुला गाडीवर मागं बसवून बाजारात कोण नेत होतं?" त्यांनी विचारलं.

"सासूबाई."

"इथं राहायला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच."

"मग मी चुकीचं कुठं बोललो?" म्हातारे म्हणाले. "गाडी तिची, आणि तूही तिचीच. तिनंच वाचवले मासे. फक्त कुणाच्या हातानं, ते मला दिसलं नाही. डोळ्याला पट्टी होती ना." त्यांनी नाक ओढलं. "ती काढली, तरीही दिसलं नाही. माझं चुकलं, पोरी."

आन-आननं आईचा हात सोडून आजोबांचं बोट धरलं. "आजोबा, पेट्या सोडायच्या?"

"आत्ताच्या आत्ता. मिंग-ताओमामाला घे मदतीला. आणि बापाला फोन कर, म्हणावं उद्या रिकाम्या हातानं येऊ नकोस, सगळ्यांसाठी जेवायला घेऊन ये."

"मी कालवं आणतो," मिंग-ताओ म्हणाला.

"छपराचा तुकडाही घेऊन जा. सात महिने माझ्या तळ्यात आहे."

कंग बाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. "काका, लेखी अहवाल."

"नको. फाडून टाका." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि फुओंगच्या हातावर ठेवली. "मला जरा तिच्याकडे सोड. थडगं झाडायचं आहे. आणि रेस नीट दे, ऐकलंस? ही पट्ट्याची गाडी आहे. भीतभीत चालवलेलं हिला सोसत नाही."

"आकडा हलेल, बाबा."

"हलू दे."

फुओंगनं गाडी स्टँडवरून खाली घेतली. वेंगकाका मागं बसले, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात उदबत्त्यांचा पुडा. फुओंगनं मूठ पिळली. गाडी थरथरली नाही. तळ्याच्या बांधावरून ती सरळ निघाली.

"मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," लाय म्हणाले, "की सून निर्दोष आहे."

"तुम्ही म्हटलं होतं, तिनं केबल काढली."

"तेही म्हटलं होतं."

मिठागरांपाशी रस्ता वळतो तिथं वेंगकाकांनी सुनेच्या खांद्यावरून वाकून मीटरकडे पाहिलं. सात हळूहळू वर सरकत होता. त्याच्या खालून आठ अर्धा दिसू लागला, मग पूर्ण.

"झाला," ते म्हणाले, आणि नीट मागं रेलून बसले.